रान, रूळ आणि कॅमेरा



रेडिओवरून चित्रांविषयी बोलायचे म्हणजे जरा पंचाईतच असते. चित्र हा डोळ्यांचा विषय, आणि इथे तर सगळा कारभार कानांचा. तेव्हा मी सांगतो तसे एक चित्र डोळ्यांपुढे उभे करा. नजर पोचते तिथवर वाळूच्या टेकड्या आहेत. त्या वाळूत छपराची एक गाडी उभी आहे, तिला चार खेचरे जुंपली आहेत. गाडीजवळून माणसाच्या पावलांच्या खुणा निघाल्या आहेत, आणि त्या चित्राच्या खालच्या कडेपर्यंत, म्हणजे जणू आपल्या पायांशी, येऊन थांबल्या आहेत. माणूस मात्र कुठे दिसत नाही. दिसणार कसा? तो कॅमेऱ्याच्या मागे उभा आहे!

हे छायाचित्र टिमोथी ओसुलिव्हन नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने १८६७ साली नेव्हाडाच्या वाळवंटात काढले. क्लॅरेन्स किंग ह्या तरुण भूगर्भशास्त्रज्ञाच्या हाताखाली एक सरकारी पथक त्या मुलखाची पाहणी करीत होते. पूर्वेची अमेरिका पश्चिमेला जोडणारी आगगाडी ज्या पट्ट्यातून जाणार होती, त्याच पट्ट्यातली माती, खडक आणि खाणी तपासण्याचे हे काम. ओसुलिव्हन त्या पथकाबरोबर होता आणि वाळूतली ती गाडी म्हणजे त्याची अंधारखोली होती. गाडीपासून कॅमेऱ्यापर्यंतची ती पावले घाईने पडलेली आहेत, असे मला ते चित्र पाहताना नेहमी वाटते. आणि घाई करण्याला कारणही होते.

त्या काळी फिल्म नव्हती. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्या इंग्रज गृहस्थाने जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यात फोटो काचेवर घेत. काच आधी लख्ख पुसायची. तिच्यावर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा आणि काच हलक्या हाताने चारी कोपऱ्यांकडे कलती करून तो सारखा पसरवायचा, आपल्याकडे तव्यावर घावनाचे पीठ पसरवतात ना, तसा. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या, म्हणजे चांदीच्या क्षाराच्या, पाण्यात बुडवायची. आता ती प्रकाशाला जागी झाली. पण ओली आहे तोवरच! वाळली की संपले. म्हणजे अंधारखोलीतून काच घ्यायची, धावत कॅमेऱ्यात बसवायची, भिंगावरचे झाकण काढायचे, काही सेकंद किंवा काही मिनिटे थांबायचे, झाकण लावायचे, आणि पुन्हा धावत अंधारात जाऊन रसायनांनी चित्र उठवून पक्के करायचे. हे सारे दहा-पंधरा मिनिटांच्या आत. वाळवंटात उष्म्याने द्रव चटकन सुकायचा, डोंगरावर धुण्यापुरते स्वच्छ पाणी मिळायचे नाही, आणि वाऱ्याने उडालेला धुळीचा एक कण ओल्या काचेला चिकटला की सगळी मेहनत वाया. आज खिशातल्या फोनने क्षणात दहा फोटो काढणाऱ्या मुलांना शिक्षकांनी ही रीत मुद्दाम सांगावी. मुलांना मौज वाटेल.

ह्या रीतीच्या आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात, कारण पुढचे सगळे त्यांच्यावर आहे. एक म्हणजे चित्र मोठे करून छापण्याची सोय जवळजवळ नव्हती. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर ती काचच ठेवायची आणि उन्हात छाप उमटवायचा. म्हणजे जेवढी काच तेवढे चित्र. मोठे चित्र हवे तर मोठी काच, मोठी काच हवी तर मोठा कॅमेरा, आणि तो वाहायला खेचरांचा तांडा. दुसरी गोष्ट म्हणजे ह्या काचेला हलणारे काही धरता येत नसे. धबधब्याचे पाणी वाळत घातलेल्या धोतरासारखे एकसंध पांढरे दिसे. आकाशही कोरे पांढरे येई, कारण ह्या रसायनावर निळ्या रंगाचा परिणाम फार लवकर होतो. आणि माणूस? तो निश्चल उभा राहिला तरच चित्रात. हलला की धुक्यासारखा पुसून गेला.

दगड, डोंगर आणि झाडे मात्र हलत नाहीत. रान जणू ह्या कॅमेऱ्यासाठीच उभे होते!

त्या रानात सर्वांत मोठा कॅमेरा घेऊन शिरलेल्यांपैकी एक म्हणजे कार्लटन वॉटकिन्स. ह्याचा जन्म १८२९ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या ओनिओन्टा गावचा. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची हाक ऐकून जे हजारो तरुण पश्चिमेकडे धावले, त्यांत हाही होता. सोने काही हाती लागले नाही, फोटोची कला मात्र लागली. १८६१ साली तो सिएरा नेव्हाडा पर्वतातल्या योसेमिटी खोऱ्यात गेला. त्याने मुद्दाम करविलेल्या कॅमेऱ्यात १८ इंच रुंद आणि २२ इंच लांब काच बसत असे. कॅमेरा, काचा, रसायनांच्या बाटल्या, तंबू असे सगळे मिळून सुमारे टनभर ओझे डझनभर खेचरांवर लादून तो डोंगर उतरला. येताना त्याच्यापाशी तीस मोठ्या काचा होत्या, शिवाय दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या शंभर लहान जोडचित्रांच्या काचा. ही जोडचित्रे स्टिरिओस्कोप नावाच्या साध्या यंत्रात घालून पाहिली की डोंगर पुढे आणि दरी मागे अशी खोली दिसते. त्या काळी अमेरिकेत मध्यम स्थितीच्या घरांतही हे यंत्र असे.

वॉटकिन्सची चित्रे पाहून पूर्वेकडचे लोक थक्क झाले. सरळसोट तुटलेले कडे, आरशासारखे पाणी, आणि ज्याच्या बुंध्याशी उभी राहिलेली माणसे मुंगीएवढी वाटतात असा तो प्रचंड सेक्वोया वृक्ष. १८६२ च्या अखेरीस न्यूयॉर्कला ती चित्रे मांडली गेली. तिकडे यादवी युद्ध पेटलेले होते, दोन्ही बाजूंची माणसे मरत होती, आणि इकडे भिंतीवर ही शांत, स्वच्छ, मनुष्यविरहित दरी! पुढे १८६४ च्या फेब्रुवारीत एका आगबोट कंपनीच्या प्रतिनिधीने सिनेटर जॉन कॉनेस ह्यांना पत्र लिहिले की हे खोरे लोकांसाठी राखून ठेवावे, आणि पत्रासोबत खोऱ्याची चित्रे पाठविली. ती वॉटकिन्सचीच असावीत असे मानतात. ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष लिंकन ह्यांनी कायद्यावर सही केली आणि योसेमिटीचे खोरे व सेक्वोयांची ती राई कॅलिफोर्निया राज्याकडे कायमची जनतेसाठी सोपविली गेली. चार फोटोंनी कायदा केला असे म्हणणे ही अतिशयोक्ती आहे. पण ज्या सभासदांनी ते खोरे जन्मात पाहिले नव्हते, त्यांना डोळे ह्या चित्रांनीच दिले, एवढे खरे. आणि पत्र लिहिणारा गृहस्थ आगबोट कंपनीचा होता, हेही विसरू नका. सुंदर जागा म्हटली की तिथे जाणारे उतारू आले, आणि उतारू आले की तिकीट आले.

आता ह्या मनुष्यविरहित दरीविषयी थोडे सांगायला हवे.

वॉटकिन्स तिथे पोचला १८६१ साली. त्याच्या दहाच वर्षे आधी, १८५१ च्या मार्चमध्ये, सोन्याच्या खाणवाल्यांच्या बाजूने लढणारी मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी त्या खोऱ्यात शिरली होती. खोऱ्यात आवानीची नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. टेनाया हा त्यांचा म्होरक्या. तुकडीने त्यांच्या झोपड्या जाळल्या आणि ओकच्या झाडाची फळे, जी त्यांचे मुख्य अन्न, त्यांचे साठेही जाळले. लोकांना खोऱ्याबाहेर हाकलले. काही कुटुंबे पुढे परत आली, पण खोरे त्यांचे राहिले नाही. तेव्हा वॉटकिन्सच्या चित्रांतली ती शांतता डोंगराची जेवढी आहे, तेवढीच घर सोडून गेलेल्या माणसांचीही आहे.

आणि एक गोष्ट आपल्या शेतकरी श्रोत्यांना माझ्यापेक्षा चांगली कळेल. त्या चित्रांत कड्यांच्या पायथ्याशी मोकळी कुरणे दिसतात आणि त्यांत सुटे सुटे डेरेदार ओक. पाहणाऱ्याला वाटे, काय हा निसर्गाने लावलेला बगीचा! पण तो नुसत्या निसर्गाने लावलेला नव्हता. आवानीची लोक ठराविक मोसमात खालची झुडपे जाळून काढीत, म्हणजे ओकला ऊन मिळावे, फळे वेचायला जागा व्हावी, कोवळे गवत फुटून हरणे यावीत. आपल्याकडे मावळात आणि कोकणात राब भाजतात, त्यात जसा पिढ्यांचा हिशेब असतो, तसाच हाही हिशेब होता. ते लोक गेले, जाळणे थांबले, आणि पुढे त्या कुरणांत दाट झाडी माजली. ज्याला छायाचित्राने अस्पर्श रान म्हणून अमर केले, ते खरे पाहता कसलेले रान होते.

वॉटकिन्सने हे मुद्दाम लपविले असे मला म्हणायचे नाही. त्याला जे दिसले ते त्याने काचेवर घेतले. पण तिपाई कुठे ठेवायची आणि झाकण केव्हा काढायचे, हे तर कॅमेरा ठरवीत नाही.

बरे, काचा, रसायने, खेचरे, महिनोन्‌महिने भटकंती, ह्या सगळ्याला पैसा लागे. चित्रे विकून थोडा येई. पण मोठा पैसा दोन ठिकाणी होता, सरकारात आणि रेल्वे कंपन्यांत. १ जुलै १८६२ रोजी लिंकन ह्यांनीच दुसऱ्या एका कायद्यावर सही केली होती. सेंट्रल पॅसिफिक कंपनीने कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे यायचे, युनियन पॅसिफिक कंपनीने ओमाहाहून पश्चिमेकडे जायचे, आणि मध्ये कुठे तरी गाठ घ्यायची. सरकारने मैलामागे कर्जरोखे देण्याचे ठरविले. सपाटीला मैलामागे १६,००० डॉलर, मधल्या चढणीच्या मुलखात ३२,००० आणि पर्वतात ४८,०००. शिवाय रुळाच्या दोन्ही अंगांना एकाआड एक चौकोन जमीन. ही जमीन नंतर विकायची होती, आणि लोकांनी विकत घ्यायची तर त्यांना ती आधी कुठे तरी दिसायला हवी. रोखे घेणाऱ्या सावकारालाही दाखवायला हवे की बाबा, तुझा पैसा डोंगर फोडतो आहे. म्हणून दोन्ही कंपन्यांनी पदरी फोटोग्राफर ठेवले. सेंट्रल पॅसिफिकचा आल्फ्रेड हार्ट, युनियन पॅसिफिकचा अँड्र्यू रसेल. हा रसेल यादवी युद्धात लष्करी रेल्वेसाठी फोटो काढून तयार झालेला कॅप्टन. १८६९ साली त्याच्या पन्नास चित्रांचे एक भपकेदार पुस्तकच निघाले. त्यात रुळांइतकेच खडक आहेत, आणि खडकांपाशी एखादा चिमुकला माणूस उभा केलेला, मोजपट्टीसारखा.

हार्टने १८६४ ते १८६९ ह्या काळात साडेतीनशेच्या वर जोडचित्रे काढली. मला स्वतःला ती रसेलच्या भव्य चित्रांपेक्षा जवळची वाटतात. त्यांत काम दिसते. कड्याच्या कुशीत खणलेली वाट, लाकडी पूल, मातीच्या गाड्या, बर्फात बुडालेली छपरे. एका चित्रात बोगद्याच्या तोंडाशी एक चिनी माणूस खांद्यावर कावड घेऊन उभा आहे. कावडीच्या दोन्ही टोकांना चहाची भांडी. आतल्या मजुरांना तो चहा नेतो आहे. उकळलेले पाणी पीत असल्याने हे मजूर पोटाच्या विकारांनी कमी आजारी पडत.

हे चिनी मजूर म्हणजे सेंट्रल पॅसिफिकचा कणा होता. १८६५ पासून कंपनीने त्यांना मोठ्या संख्येने घ्यायला सुरुवात केली आणि काम भरात आले तेव्हा दहातले नऊ मजूर चिनी होते. एका वेळी दहा हजारांहून अधिक. सिएरा नेव्हाडाच्या माथ्यावर सुमारे ७,००० फूट उंचीवर १,६५९ फुटांचा बोगदा कातळातून खोदायचा होता. पहारीने भोक पाडायचे, सुरुंग भरायचा, उडवायचा, दगड काढायचे, आणि दिवसाच्या शेवटी मोजायचे तर प्रगती इंचांत! मध्यभागी वरून विहीर पाडून चार तोंडांनी काम चालविले. पुढे नायट्रोग्लिसरीन जागच्या जागी तयार करून वापरू लागले, ते तर हातात घेतलेले मरणच. १८६६-६७ च्या हिवाळ्यात इतके बर्फ पडले की मजूर बर्फाखाली भुयारे करून राहत आणि भुयारांतूनच कामावर जात. हिमकडे कोसळून माणसे गाडली जात आणि त्यांची प्रेते वसंतात बर्फ वितळल्यावर सापडत.

जून १८६७ मध्ये हजारो चिनी मजुरांनी एकाच दिवशी पहारी खाली ठेवल्या. मागणी काय? गोऱ्या मजुरांइतका पगार आणि कामाचे तास कमी. दंगा नाही, आरडाओरडा नाही, मुक्कामावर शांत बसून राहिले. कंपनीच्या चार मालकांपैकी बांधकामावर देखरेख करणारा चार्ल्स क्रॉकर. त्याने त्यांचे धान्य तोडले. डोंगरावर दुसरीकडून अन्न येण्याची वाट नव्हती. आठवड्याभरात लोक कामावर परतले. ह्या संपाचे एकही छायाचित्र नाही. कुणी काढले असते, आणि कुणासाठी?

१० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमंटरी ह्या ओसाड माथ्यावर दोन्ही बाजूंचे रूळ एकमेकांना भिडले. एका बाजूने ६९० मैल, दुसऱ्या बाजूने १,०८६. त्या दिवशी रसेलने काढलेले छायाचित्र अमेरिकेतल्या शाळकरी पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. दोन इंजिने समोरासमोर, इंजिनांवर चढलेले लोक बाटल्या पुढे करताहेत, आणि मधोमध दोन कंपन्यांचे मुख्य इंजिनिअर हस्तांदोलन करीत उभे. भोवती माणसांची गर्दी. पण ह्या गर्दीत चिनी चेहरा शोधू गेलात तर दिसत नाही. ज्यांनी पर्वत फोडला ते चित्रातून गेले कुठे? मौज अशी, की रसेलनेच त्याच दिवशी काढलेले एक लहान जोडचित्रही आहे आणि त्याच्या नावातच शेवटचा रूळ बसविणाऱ्या चिन्यांचा उल्लेख आहे. म्हणजे ते तिथे होते, रसेलने ते पाहिले होते, काचेवरही घेतले होते. पण मोठे चित्र गाजले, लहान चित्र पेटीत राहिले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला, तो १९४३ पर्यंत टिकला. १९६९ साली प्रॉमंटरीला शताब्दीचा सोहळा झाला, तेव्हा अमेरिकेच्या वाहतूक मंत्र्यांनी बर्फातले बोगदे खोदण्याचा पराक्रम अमेरिकनांचा म्हणून वाखाणला आणि चिनी मजुरांचे नावही घेतले नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ पासून ह्या मजुरांचा कसून शोध घेतला. कंपनीच्या हजेरीपटावर बहुधा टोळीच्या मुकादमाचे नाव असे, बाकीच्यांचे नाहीच. इतक्या हजार माणसांपैकी एकाच्याही हातचे पत्र किंवा रोजनिशी त्यांना मिळाली नाही. आणि १० मे २०१४ रोजी न्यूयॉर्कचे चिनी वंशाचे छायाचित्रकार कॉर्की ली ह्यांनी त्या मजुरांच्या वंशजांना आणि इतर आशियाई अमेरिकनांना प्रॉमंटरीला जमविले, इंजिनांपुढे रसेलच्या चित्रासारखेच उभे केले आणि फोटो काढला. ह्या ली ह्यांचा २०२१ साली मृत्यू झाला.

पूर्वेकडून येणारे रूळ मैदानांतून आले. तिथेही जमीन रिकामी नव्हती. शायेन, लकोटा, पॉनी अशा अनेक जमातींचा तो मुलूख. १८६७ साली शायेन योद्ध्यांनी नेब्रास्कात रूळ उखडून गाडी पाडली ती उगीच नव्हे. ज्या रानबैलांवर, म्हणजे बायसनवर, त्यांचे अन्न, वस्त्र आणि तंबू अवलंबून होते, त्यांचे लक्षावधींचे कळप कातड्याच्या व्यापाऱ्यांनी १८८३ पर्यंत जवळजवळ संपविले, आणि ती कातडी वाहून नेली आगगाडीनेच.

विल्यम हेन्री जॅक्सन हा ह्या मंडळींतला दीर्घायुषी. १८४३ साली जन्मला आणि १९४२ साली वारला. त्याच्या एका खेचराचे नाव त्याने 'हायपो' ठेवले होते, चित्र पक्के करणाऱ्या रसायनावरून! १८७१ साली हेडन ह्यांच्या सरकारी पथकाबरोबर त्याने यलोस्टोनचे उकळते झरे आणि धबधबे चित्रित केले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला भांडवल पुरविणाऱ्या जे कुक ह्यांच्या पेढीतून हेडन ह्यांना पत्र आले की हा मुलूख सार्वजनिक उद्यान म्हणून राखावा. जॅक्सनची चित्रे सभासदांपुढे ठेवली गेली, १ मार्च १८७२ रोजी कायदा झाला आणि जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान जन्मले. १८८३ साली त्याच रेल्वेची शाखा उद्यानाच्या सीमेपाशी पोचली. म्हणजे रान वाचविणारे आणि रानात गाडी नेणारे पुष्कळदा एकाच बाकावर बसलेले होते. ह्यात वाईटच सगळे आहे असे नाही. व्यापाऱ्याच्या स्वार्थातून का होईना, यलोस्टोन वाचले. पण तिथे शिकारीला आणि राहायला येणाऱ्या शोशोनी आणि इतर लोकांना त्या उद्यानात जागा उरली नाही.

हाच जॅक्सन पुढे जगातल्या रेल्वेंची पाहणी करणाऱ्या एका अमेरिकन मंडळाबरोबर १८९४ ते १८९६ ह्या काळात पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला आणि भारतातही येऊन गेला. इथल्या गाड्या, स्टेशने आणि रस्ते त्याने टिपले. पण इथे त्याला नवखे रान चित्रित करायचे राहिले नव्हते. आपल्याकडे आगगाडी त्यापूर्वीच जुनी झाली होती. मुंबईहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी ती धावली. पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफीची संस्था निघाली आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक नावाजलेले सभासद. आणि बोरघाट! पंचवीस बोगदे खोदून, पंधरा मैलांत अठराशे फुटांवर चढणारा तो मार्ग १८६३ साली सुरू झाला, म्हणजे सिएरा नेव्हाडाच्या बोगद्याच्या चार वर्षे आधी. घाटाच्या कामाचेही फोटो निघाले. कमानी, पूल, तुटलेले कडे त्यांत आहेत. ज्यांनी दोरावर लोंबकळून सुरुंगाची भोके पाडली त्या पाथरवटांची आणि बेलदारांची नावे मात्र तिथेही शोधावी लागतात. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून ह्या घाटात मजुरांनी दंगा केला होता, आणि पटकीच्या साथींत किती माणसे गेली त्याचा नीट हिशेबही नाही. खंडाळ्याहून गाडीने खाली उतरताना कधी मुलांना खिडकीशी बसवून हे सांगता आले तर पाहा.

जाता जाता पुन्हा वॉटकिन्सकडे वळतो, कारण त्याची हकीकत अर्धीच राहिली आहे. सेंट्रल पॅसिफिकच्या चार मालकांपैकी कॉलिस हंटिंग्टन हा ओनिओन्टाचा जुना ओळखीचा. त्याच्या मेहेरबानीने वॉटकिन्सला रेल्वेचा फुकट पास मिळाला. उघड्या डब्यावर आपली घोडागाडी चढवून तो रुळांवरून हवा तिथे जाई आणि उतरून चित्रे काढी. हार्टच्या काचा कंपनीकडून त्याच्याकडे आल्या आणि त्याने त्या स्वतःच्या नावाने छापून विकल्या. हार्टला विचारतो कोण? पण काळाने फेड केली म्हणावे असे झाले. १८७५-७६ च्या मंदीत वॉटकिन्स कर्जात बुडाला, सान फ्रान्सिस्कोमधले त्याचे दालन आणि त्यातल्या सगळ्या काचा सावकाराच्या हाती गेल्या, आणि आयझाया टेबर नावाच्या फोटोग्राफरने योसेमिटीची तीच चित्रे आपले नाव घालून बाजारात आणली. पंचेचाळिशीला आलेल्या माणसाने मग काय केले? पुन्हा कॅमेरा उचलला आणि त्याच जागी जाऊन तेच डोंगर नव्याने काढायला सुरुवात केली.

१८९० नंतर त्याची दृष्टी जाऊ लागली. भाडे द्यायला पैसे नाहीत म्हणून बायको आणि दोन मुलांसह तो काही काळ रेल्वेच्या एका टाकून दिलेल्या डब्यात राहिला. हंटिंग्टनने शेवटी त्याला एक लहानशी शेतवाडी दिली. तरी काचा शहरातच होत्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्या विकत घ्याव्यात अशी बोलणी चालू होती, आणि १८ एप्रिल १९०६ रोजी सान फ्रान्सिस्कोला भूकंप झाला. पाठोपाठ आग लागली. जन्मभराच्या काचा त्या आगीत गेल्या. जवळजवळ आंधळ्या वॉटकिन्सला लोकांनी हात धरून बाहेर काढले. १९१० साली त्याला नापा येथील वेड्यांच्या इस्पितळात ठेवले आणि तिथेच १९१६ साली तो वारला. इस्पितळाच्या आवारात, खूण नसलेल्या जागी त्याला पुरले.

काचा गेल्या, पण त्याने आयुष्यभर विकलेले कागदावरचे छाप अमेरिकेत आणि युरोपात घरोघर पसरलेले होते. ग्रंथालयांनी, संग्रहालयांनी ते एकेक करून गोळा केले. २०११ साली त्याच्या मोठ्या चित्रांची संपूर्ण सूची प्रसिद्ध झाली, तीत बाराशेहून अधिक चित्रे भरली. त्यांत योसेमिटीचे ते खोरेही आहे आणि डोंगरातून वळसे घेत गेलेले रूळही.